फाइल ३२० दाखवते पण आवाज दबका येतो: ऑडिओ फाइल मुळात कशी एन्कोड झाली ते शोधायचे चेक, सोप्यापासून अवघडपर्यंत

मी हौशी नाटकांचं साउंड करतो आणि लोकांच्या जुन्या कॅसेटी डिजिटल करून देतो. दोन्ही कामांत एक बिघाड सतत येतो, फाइलवर लिहिलेलं असतं एक आणि आत असतं दुसरंच. तुमच्याकडे हाच प्रकार आहे का ते आधी बघा.

लक्षणं

- टाळ, झांज, घुंगरू, प्रेक्षकांच्या टाळ्या कोरड्या न वाजता सळसळतात. गायक 'स' किंवा 'श' म्हणतो तेव्हा आवाज किंचित फाटतो.
- तबल्याच्या चाटीच्या अगदी क्षणभर आधी बारीक फस्स ऐकू येतं.
- नावात ३२० (बिटरेट, म्हणजे सेकंदाला किती किलोबिट) किंवा फ्लॅक (काही न गमावता दाबलेली फाइल), साइजही मोठी, पण तेच गाणं सीडीवरून लावलं की फरक लगेच कळतो.
- गाणं पाच मिनिटांचं आणि प्लेअर दाखवतो पंधरा मिनिटं, मधेच पुढे सरकवलं तर भलतीकडे जातं.
- मोबाइलवर वाजते, कॉम्प्युटरवर व्हीएलसीत वाजते, पण गाडीच्या स्टिरिओत किंवा मिक्सरच्या यूएसबीत घातली की उघडतच नाही.
- गाणं घाईत आणि चढ्या पट्टीत वाजतं.
- लागून असलेले दोन ट्रॅक एकापाठोपाठ लावले की मधे छोटासा खंड पडतो.

यातलं पहिलं, दुसरं आणि तिसरं लक्षण असेल तर ट्रेबल वाढवत बसू नका. तो आवाज फाइलमध्ये उरलेलाच नसतो. कधीतरी कुणीतरी तो १२८ ला दाबला, म्हणजे एन्कोड करताना काही आवाज काढून टाकला, मग दुसऱ्या कुणीतरी तीच दाबलेली फाइल ३२० किंवा फ्लॅक म्हणून परत सेव्ह केली, आकडा वाढला पण गेलेलं परत आलं नाही. बाकीची लक्षणं मात्र बऱ्याचदा दुरुस्त होतात, म्हणून नक्की काय झालंय हे आधी शोधायचं आणि मगच काही करायचं.

आणि एक काम सगळ्यात आधी, फाइलची कॉपी करा आणि जे काय करायचं ते कॉपीवर करा. मूळ फाइल उघडून परत सेव्ह करू नका, नावसुद्धा बदलू नका. फाइल बनल्याची तारीख, आतल्या नोंदी, अगदी विचित्र नावसुद्धा पुढे उपयोगी पडतं. व्हॉट्सअॅपवर आली असेल तर पाठवणाऱ्याला सांगा की डॉक्युमेंट म्हणून परत पाठव, म्हणजे त्याच्याकडे जशी आहे तशीच तुमच्याकडे येते.

चेक १: साइज आणि वेळ, काहीही इन्स्टॉल न करता

बिटरेटला ८ ने भागलं की एका सेकंदाला किती किलोबाइट ते मिळतं. १२८ म्हणजे सेकंदाला १६ किलोबाइट, मिनिटाला साधारण एक एमबी. ३२० म्हणजे सेकंदाला ४० किलोबाइट, मिनिटाला २.४ एमबी. तेव्हा पाच मिनिटांचं ३२० चं गाणं १२ एमबीच्या आसपास हवं, नावात ३२० आहे आणि फाइल ४.८ एमबीची आहे तर नाव खोटं आहे, विषय संपला. वेव्ह फाइल सीडीच्या दर्जाची असेल तर मिनिटाला दहा एमबीपेक्षा थोडी जास्त, फ्लॅक त्याच्या साधारण निम्मी ते पाऊणपट. मोनो किंवा खूप शांत रेकॉर्डिंगची फ्लॅक यापेक्षा बरीच लहान होते, तिथे लगेच संशय घेऊ नका.

हा चेक फुकटचा आहे म्हणून पहिला. पण तो फक्त उघड खोटं पकडतो. साइज बरोबर आली याचा अर्थ फाइल खरी असा होत नाही, कारण १२८ वरून बनवलेली ३२० सुद्धा १२ एमबीचीच असते.

चेक २: एक्स्टेंशन आणि आतला प्रकार जुळतो का

गाडीत न वाजणाऱ्या फाइलींमध्ये निम्म्याहून जास्त वेळा हेच निघतं. एम४ए फाइलीचं नाव बदलून कुणीतरी शेवटी एमपी३ लिहिलेलं असतं. व्हीएलसी एक्स्टेंशनच्या भरवशावर राहत नाही, आत काय आहे ते बघून वाजवतो, म्हणून घरी काही कळत नाही. गाडीतला साधा प्लेअर नावावर विश्वास ठेवतो आणि अडकतो.

एचएक्सडी सारखा फुकट हेक्स एडिटर, म्हणजे फाइलच्या आतले बाइट दाखवणारं सॉफ्टवेअर घ्या आणि कॉपी उघडून पहिली काही अक्षरं बघा. आर-आय-एफ-एफ असेल तर वेव्ह. एफ-एल-ए-सी असेल तर फ्लॅक. ओ-जी-जी-एस असेल तर ऑग, ज्यात व्हॉर्बिस किंवा ओपस फॉरमॅटचा आवाज असतो. पहिली चार सोडून पुढे एफ-टी-वाय-पी दिसलं तर एम४ए किंवा एमपी४ च्या घरातली फाइल. आयडी३ दिसलं तर बहुतेक एमपी३. हेक्स बघायची भीती वाटत असेल तर थेट पुढच्या चेकवर जा, तिथलं मीडियाइन्फो नावाचं सॉफ्टवेअर हेच सांगतं.

इथे दोष सापडला तर कॉपीचं नाव सुधारा, म्हणजे एम४ए ला एम४ए म्हणा. गाडीसाठी एमपी३ च लागत असेल तर वेगळी कॉपी करून ती बदला आणि त्या कॉपीच्या नावात 'गाडीसाठी' असं लिहून ठेवा. असं न केल्यामुळेच पुढे दोन वर्षांनी तीच फाइल मूळ म्हणून फिरायला लागते.

चेक ३: मीडियाइन्फो

फुकट आहे, विंडोज, मॅक, लिनक्स सगळीकडे चालतं. फाइल त्यावर ओढून टाका आणि व्ह्यू मेन्यूत जाऊन टेक्स्ट किंवा ट्री निवडा, कारण सुरुवातीच्या छोट्या स्क्रीनवर कामाच्या ओळी दिसत नाहीत.

आता काय बघायचं. बिटरेट मोड कॉन्स्टंट (सगळीकडे सारखा) आहे की व्हेरिएबल (बदलता). सॅम्पल रेट, म्हणजे सेकंदाला आवाजाची किती मापं घेतली, ४४१०० आहे की ४८०००. आणि सगळ्यात महत्त्वाची म्हणजे राइटिंग लायब्ररी आणि तिच्या खालची एन्कोडिंग सेटिंग्ज ही ओळ. लेम नावाचा एन्कोडर आपल्या एमपी३ च्या पहिल्या फ्रेममध्ये, म्हणजे ऑडिओच्या पहिल्या छोट्या तुकड्यात, स्वतःचं नाव, आवृत्ती आणि सेटिंग लिहून ठेवतो, त्यात लो-पास म्हणजे कुठल्या फ्रिक्वेन्सीच्या वरचं कापलं हेही असतं. २०१७ ला आलेली ३.१०० ही आवृत्ती तुम्हाला खूप ठिकाणी दिसेल. ही नोंद गाण्याचं नाव, गायक वगैरे टॅगमध्ये नसते, ऑडिओच्या पहिल्या फ्रेममध्ये असते, त्यामुळे टॅग बदलले तरी ती टिकते. ३२० च्या फाइलीत लो-पास साधारण २० किलोहर्ट्झ लिहिलेला असतो. हा आकडा कागदावर लिहून ठेवा, पुढच्या चेकमध्ये हाच कामाला येणार आहे.

लेमच्या जागी एल-ए-व्ही-एफ किंवा एल-ए-व्ही-सी ने सुरू होणारं काहीतरी दिसलं तर फाइल एफएफएमपेगमधून गेलीय. डाउनलोडर, कन्व्हर्टर अॅप, ऑनलाइन बदलून देणाऱ्या साइट, बहुतेकांच्या पोटात हेच इंजिन असतं. त्यात स्वतःहून वाईट काही नाही, पण नावात 'ओरिजिनल सीडी रिप' असेल आणि आत ही ओळ असेल तर मी पुढचे चेक नक्की करतो. एम४ए मध्ये कधीकधी टायटलच्या जागी 'आयएसओ मीडिया फाइल प्रोड्यूस्ड बाय गूगल' अशा अर्थाची इंग्रजी ओळ सापडते, ती दिसली की फाइल यूट्यूबवरून आलीय हे समजायला अजून काही लागत नाही. सीडीवरचं गाणं ४४१०० चं असतं, व्हिडिओच्या जगात ४८००० चालतं आणि ओपस आतून ४८००० वरच काम करतो, म्हणून जुन्या सिनेमाच्या किंवा भावगीताच्या गाण्याची एमपी३ ४८००० ची निघाली तर ती व्हिडिओवरून उतरवलेली असण्याची शक्यता बरीच आहे. शक्यता म्हणतोय, खात्री नाही, कारण काही लोक कॅसेट थेट ४८००० ला रेकॉर्ड करतात.

वेळ चुकीची दाखवणाऱ्या फाइलचं उत्तरही इथेच. व्हेरिएबल बिटरेटच्या एमपी३ मध्ये एकूण फ्रेम किती हे सांगणारं एक हेडर सुरुवातीला असतं. त्याला झिंग हेडर म्हणतात, स्पेलिंग एक्सने सुरू होतं. फ्राउनहोफरच्या एन्कोडरचं वेगळं, व्हीबीआरआय नावाचं. फाइलची सुरुवात कापताना ते हेडर गेलं की बिचारा प्लेअर पहिल्या फ्रेमचा बिटरेट धरून वेळ काढतो. सुरुवातीला शांतता म्हणून पहिली फ्रेम ६४ ची, आणि गाण्याची सरासरी १९२ ची, तर पाचाचे पंधरा होणारच. फूबार २००० या फुकट प्लेअरमध्ये फाइलवर राइट क्लिक करून युटिलिटीजमध्ये फिक्स व्हीबीआर एमपी३ हेडर आहे, तेवढं केलं की झालं, आवाजाला धक्का लागत नाही. याच कामासाठी लोक फाइल परत एन्कोड करतात ते मात्र करू नका.

चढ्या पट्टीचं सांगतो. ४४१०० ची माहिती ४८००० समजून वाजवली तर गाणं सुमारे पावणेनऊ टक्क्यांनी वेगात जातं. पाच मिनिटांचं गाणं ४ मिनिटं ३६ सेकंदांत उरकतं आणि काळी एकचा गायक पांढरी दोन आणि काळी दोनच्या मधे कुठेतरी जाऊन बसतो, कुठल्याच पट्टीवर पेटी जुळत नाही. पेटीवाल्याला हे सॉफ्टवेअरच्या आधी कळतं. ऑडॅसिटी या एडिटिंग सॉफ्टवेअरमध्ये ट्रॅकच्या नावावरच्या मेन्यूतून रेट ४४१०० करा आणि ऐका, बरोबर वाटलं तर वेव्हमध्ये एक्स्पोर्ट करा. पण पेटी जुळत नाही याचं कारण दरवेळी हेच नसतं, कॅसेट प्लेअरचा वेगच कमीजास्त असला तरी असंच होतं. फरक वरच्या आकड्याशी जुळतो का ते आधी बघा.

दोन ट्रॅकमधला खंड हा एमपी३ चा स्वभावच आहे. एन्कोडर सुरुवातीला आणि शेवटी थोडी शांतता भरतो, सुरुवातीची डिकोडरची धरून साधारण २५ मिलिसेकंद होते. लेमच्या नोंदीत किती भरली ते लिहिलेलं असतं आणि चांगले प्लेअर ती कापून वाजवतात, साधे प्लेअर नाही कापत. नाटकाच्या क्यूसाठी, म्हणजे ठरलेल्या क्षणी वाजवायच्या आवाजासाठी, म्हणूनच मी वेव्हच वापरतो.

चेक ४: स्पेकमध्ये चित्र बघा

सगळा कस इथे लागतो. वर लिहिलेलं सगळं म्हणजे फाइल स्वतःबद्दल काय सांगते ते. इथे आवाज स्वतः काय सांगतो ते दिसतं.

स्पेक छोटं फुकट सॉफ्टवेअर आहे, फाइल ओढून टाकली की आडवा वेळ, उभी फ्रिक्वेन्सी आणि रंगात आवाजाची ताकद असं चित्र येतं. ४४१०० च्या फाइलीत वरची मर्यादा २२ किलोहर्ट्झच्या थोडी वर असते. ऑडॅसिटीतही ट्रॅक स्पेक्ट्रोग्राम व्ह्यूमध्ये टाकून हेच बघता येतं, फक्त तिथे सेटिंगमध्ये कमाल फ्रिक्वेन्सी वाढवायला विसरू नका नाहीतर वरचा भाग दिसतच नाही आणि उगाच निष्कर्ष निघतो.

सीडीवरून नीट काढलेल्या गाण्यात रंग वरपर्यंत जातो आणि २०-२१ च्या पुढे विरत जातो. १२८ च्या एमपी३ मध्ये १६ किंवा १७ किलोहर्ट्झला सरळ आडवी कड दिसते, वर काळोख. १९२ ला ती कड १९ च्या अलीकडेपलीकडे, ३२० ला २० च्या जवळ. १६ च याच्यामागे कारण आहे, एमपी३ आवाजाचे पट्टे पाडून प्रत्येकाची अचूकता वेगळी ठरवतो, पण १६ च्या वरच्या शेवटच्या पट्ट्याला स्वतःचा वेगळा स्केलफॅक्टर, म्हणजे ही अचूकता ठरवणारा आकडा, फॉरमॅटमध्ये दिलेलाच नाही. तो पट्टा नीट ठेवायचा तर सगळ्याच फाइलीवर जास्त बिट खर्च होतात, म्हणून कमी बिटरेटला एन्कोडर तो सोडूनच देतो. बऱ्याच चांगल्या बिटरेटच्या फाइलींमध्येही १६ च्या वर रंग तुटक तुटक, चौकोनी तुकड्यांत दिसतो तो याचमुळे, त्याला घाबरू नका.

आता मघाशी लिहून ठेवलेला आकडा काढा. लेमची नोंद म्हणते लो-पास २०, आणि चित्रात कड १६ ला आहे. ३२० च्या एन्कोडरने १६ ला कापलेलं नाही, त्याच्याकडे आलं तेव्हाच ते कापलेलं होतं. नोंद आणि चित्र एकमेकांशी भांडत असतील तर फाइल दोनदा एन्कोड झालेली आहे, आणि माझ्या अनुभवात इतका सोपा आणि इतका पक्का पुरावा दुसरा नाही. फ्लॅकमध्ये तर लो-पास नसतोच, त्यामुळे तिथे १६ ची सरळ कड दिसली की आधीचा जन्म लॉसी, म्हणजे आवाज गमावणाऱ्या फॉरमॅटमधला, हे जवळजवळ ठरलेलं. ९६ किलोहर्ट्झच्या 'हाय-रेझ' फाइलीत सगळं २२ ला संपून वरती रिकामं असेल तर ती सीडीच्या दर्जाची फाइल फुगवलेली आहे.

पण जुन्या रेकॉर्डिंगच्या बाबतीत हे चित्र वाचताना फार जपायला हवं, आणि मराठी लोकांच्या संग्रहात जुनंच जास्त असतं म्हणून इथे थोडं थांबतो. ७८ आरपीएमच्या ध्वनिमुद्रिकांवरून घेतलेली बालगंधर्वांची पदं स्पेकमध्ये टाकली तर गाण्याचा आवाज खालच्या भागातच दिसणार, मायक्रोफोन यायच्या आधी भोंग्यासमोर गाऊन केलेल्या मुद्रणांत तर त्याहूनही खाली. ते बघून 'ही तर कमी बिटरेटची आहे' म्हणून फाइल डिलीट करणारे लोक मी पाहिलेत, आणि त्यातलं काही परत मिळण्यासारखं नसतं. गाण्याचा आवाज कुठे संपतो ते बघू नका, खरखर कुठे संपते ते बघा. तबकडीवरची सुई घासण्याची खरखर आणि टेपची हिस्स ही गाण्याच्या कितीतरी वर जाते आणि हळूहळू विरते. खरखर विरत वर जातेय तर फाइल चांगली आहे, गाणं जुनं आहे इतकंच. खरखरसुद्धा १६ ला सुरीने कापल्यासारखी थांबते तर मग नंतर कुणीतरी एमपी३ केलंय. कुणी नॉइज रिडक्शन लावून खरखरच काढून टाकली असेल तर हा उपाय चालत नाही, तिथे ठाम मत देऊ नका.

कॅसेटमध्ये कड नसते, उतार असतो. एफएम रेडिओवरून घेतलेलं असेल तर आवाज १५ च्या आसपास संपतो आणि कधीकधी १९ किलोहर्ट्झला एक बारीक अखंड रेघ दिसते, ती स्टिरिओची पायलट रेघ. १५.६ च्या जवळ अशीच बारीक रेघ आली तर रेकॉर्डिंगच्या खोलीत जुना पिक्चर ट्यूबचा टीव्ही किंवा मॉनिटर चालू होता, आपल्याकडच्या पॅल टीव्हीची लाइन फ्रिक्वेन्सी १५,६२५ हर्ट्झ. ही रेघ सापडली की मला बरं वाटतं, कारण १६ च्या आतली असली तरी ती मूळ रेकॉर्डिंगच्या वेळेची खूण आहे आणि तारीख-काळ लावायला मदत करते. व्हॉट्सअॅपची व्हॉइस नोट असेल तर मी पाहिलेल्या बहुतेक ८ किलोहर्ट्झला संपतात. फोन कॉलच्या जुन्या एएमआर रेकॉर्डिंगमध्ये ४ च्या वर काही नसतं.

एका भजनी मंडळाची फाइल अशीच आली होती. फ्लॅक, ४४१००, १६ बिट, राइटिंग लायब्ररी व्यवस्थित, साइजही शोभेल अशी. स्पेकमध्ये गजराच्या भागात टाळेचा प्रत्येक ठोका उभ्या रेघेसारखा वर जातोय आणि सगळ्याच्या सगळ्या रेघा १६ वर एका पातळीत थांबताहेत, जणू वरून पट्टी ठेवून कापल्यात. टाळ हे वाद्य असं आहे की त्याचा आवाज १६ च्या पुढे सहज जातो, म्हणून तपासायला गाण्यातली टाळेची, झांजेची जागा निवडायची, नुसत्या आलापीवर काही कळत नाही. विचारल्यावर निघालं की कुणीतरी कार्यक्रमाच्या व्हिडिओवरून एमपी३ काढली होती आणि दुसऱ्याने 'जपून ठेवायला' फ्लॅक केली. मूळ कॅसेट मंडळाच्या कपाटातच होती. तिच्यावरून परत घेतलं तेव्हा चित्रात वरचा भाग फिकाच होता, १४ च्या पुढे विरत गेलेला, पण टाळ कोरडी, टणक वाजली. चित्रात रंग वर जाणं म्हणजे चांगला आवाज असं नाही, हे त्या दोन फाइली शेजारी ठेवल्या की लगेच समजतं.

अजून एक, हल्ली एआयने वरच्या फ्रिक्वेन्सी 'परत आणून' देणारी टूल निघालीत. ती अंदाजाने नवीन आवाज भरतात, चित्र भरलेलं दिसतं. ऐकायला कुणाला आवडलं तर हरकत नाही, पण संग्रहात ठेवताना ती मूळ म्हणून ठेवू नका.

चेक ५: एन्कोडरचा अंदाज घेणारी टूल

लेमची नोंदच नसेल, फाइल जुनी असेल, तर एन्कस्पॉट नावाचं जुनं विंडोजचं टूल आहे आणि एमपी३ गेसएन्क नावाचं कमांड लाइनचं. ही टूल फ्रेम उलगडून सवयी बघतात. जॉइंट स्टिरिओ (डाव्या-उजव्या बाजूतलं सारखं ते एकत्र साठवणं) वापरलाय का, शॉर्ट ब्लॉक किती, बिट कसे वाटलेत. प्रत्येक एन्कोडरची सवय वेगळी, ब्लेडएन्क जॉइंट स्टिरिओ वापरतच नसे, झिंगच्या जुन्या एन्कोडरमध्ये शॉर्ट ब्लॉक नसत. आणि हे नुसतं माहितीसाठी नाही. शॉर्ट ब्लॉक म्हणजे अचानक येणाऱ्या आवाजासाठी बारीक तुकडे करणं, ५७६ सॅम्पलच्या ऐवजी १९२ चे. ते केले नाहीत की तबल्याच्या चाटीची धूळ चाटीच्या आधी सांडते, लक्षणांत दुसरं लिहिलंय ते हेच. टूलने जुना झिंग सांगितला आणि तुम्हाला तो फस्स ऐकू येतोय तर दुरुस्तीचा नाद सोडा, दुसरी कॉपी शोधा.

हा अंदाजच असतो हे विसरू नका. आणि टूल फक्त शेवटचा एन्कोडर ओळखतं, त्याच्या आधी काय झालं ते त्याला दिसत नाही. म्हणून स्पेकच्या आधी हे करण्यात अर्थ नाही.

चेक ६: लॉसलेस खरंच लॉसलेस आहे का

ऑसीडीटेक्ट आणि लॉसलेस ऑडिओ चेकर ही दोन टूल फ्लॅक किंवा वेव्हवर गणित लावून सीडी की एमपी३ ते सांगतात. आधुनिक स्टिरिओ गाण्यांवर बरी चालतात. मोनो, कॅसेट, ७८ आरपीएमवर हमखास गोंधळतात, तिथे मी त्यांचा निकाल धरत नाही.

पूर्ण सीडीचे सगळे ट्रॅक हातात असतील तर क्यूटूल्स वापरा. ते तुमच्या फाइलींचा चेकसम, म्हणजे आतल्या डेटावरून काढलेला आकडा, अॅक्युरेटरिपच्या डेटाबेसशी, म्हणजे जगभरच्या लोकांनी त्याच सीडीवरून काढलेल्या चेकसमशी ताडून बघतं. जुळलं तर ही फाइल त्या सीडीवरूनच आलीय, मधे एमपी३ झाली असती तर जुळणं शक्यच नाही. नाही सापडलं तर काहीच सिद्ध होत नाही, मराठी सीडी कितीतरी अशा आहेत ज्या डेटाबेसमध्ये कुणी टाकलेल्याच नाहीत. आणि सीडीच एमपी३ वरून बनवलेली असेल तर चेकसम जुळूनही आवाज वाईटच.

फ्लॅकची स्वतःची टेस्टही असते, फूबारमध्ये व्हेरिफाय इंटिग्रिटी केलं की आतला एमडी५ चेकसम तपासला जातो. त्यातून कळतं की फ्लॅक बनल्यापासून फाइल खराब झालेली नाही. बनण्याआधी काय होतं ते त्यातून कळत नाही, लोक इथे फसतात.

कधी थांबायचं

रेकॉर्डिंग कोर्टात, पोलिसांत किंवा ऑफिसच्या चौकशीत जाणार असेल तर पहिल्या चेकच्याही आधी थांबा. ज्या फोनमध्ये रेकॉर्ड झालं तो फोन तसाच ठेवा, फाइल कन्व्हर्ट करू नका, आणि वकिलाला विचारा. इलेक्ट्रॉनिक पुराव्याला भारतीय साक्ष्य अधिनियम, २०२३ च्या कलम ६३ खाली प्रमाणपत्र लागतं, त्यात फाइलची हॅश व्हॅल्यूही (चेकसमसारखाच आकडा) येते. रेकॉर्डिंग एडिट झालंय का हे सांगणं फॉरेन्सिक लॅबचं काम आहे, राज्याची मुंबईतली लॅब कलिन्याला आहे आणि तपासणी तिथे रीतसर मार्गाने जाते. स्पेकचा स्क्रीनशॉट घेऊन 'ही क्लिप खोटी आहे' असं कुणाबद्दल जाहीरपणे म्हणू नका.

एकमेव कॉपी असलेली हार्ड डिस्क टकटक आवाज करत असेल, किंवा फाइल कॉपी होताना अडकत असेल तर परत परत प्रयत्न करू नका, बंद करून डेटा रिकव्हरीवाल्याकडे द्या. प्रत्येक प्रयत्नात डिस्क अजून बिघडते.

मूळ कॅसेट किंवा स्पूल सापडली पण टेपवर पांढरी बुरशी आहे, कोकणात आणि मुंबईत दमट हवेने हे फार होतं, किंवा वाजवताना टेप किंचाळतेय, तर प्लेअरमध्ये घालू नका. बुरशी हेडवर आणि तिथून पुढच्या कॅसेटवर जाते, टेपचा थर निघून येऊ शकतो. टेप रिस्टोरेशन करणाऱ्या माणसाकडेच द्या, महाग पडलं तरी.

अल्बम म्हणून प्रसिद्ध करायचं असेल आणि स्रोत लॉसीच निघाला तर स्वतः इक्वलायझर लावू नका, मास्टरिंग इंजिनिअरला मूळ फाइल आणि वरचे सगळे निकाल द्या.

आणि दोन टूल वेगवेगळं सांगताहेत, दुसरी कॉपी कुठेच नाही, कॅसेट हरवली आहे, अशा वेळी अजून टूल शोधत बसण्याने काही निघत नाही. फाइल आहे तशी ठेवा आणि सोबत टेक्स्ट फाइलीत लिहा: कुणाकडून आली, कधी आली, मीडियाइन्फो काय म्हणतो, कड कुठे आहे, स्रोत अनिश्चित. पुढे कुणाच्या घरी कॅसेट सापडली तर या नोंदीमुळे कोणती फाइल बदलायची ते कळेल.

कुणाकडे मदत मागायची असेल तर 'गाणं नीट वाजत नाही' एवढंच लिहून एमपी३ पाठवू नका. मीडियाइन्फोचा पूर्ण टेक्स्ट, टाळेच्या किंवा झांजेच्या जागेचा स्पेकचा स्क्रीनशॉट, खालच्या-वरच्या आकड्यांसकट, फाइल कुणाकडून कुठल्या मार्गाने आली ते, आणि मूळ फाइल ड्राइव्हवर किंवा डॉक्युमेंट म्हणून. एवढं असलं की बहुतेक वेळा फाइल न ऐकताच सांगता येतं.